खुर्चीची साखर

"निघाली गं बाई, निघाली! माझी साखर निघाली!"

पहिल्या रांगेतली एक बाई अशी किंचाळली आणि सगळं मंगल कार्यालय उठून उभं राहिलं. मीही उभी राहिले, कारण पुढच्या बायांच्या अंबाड्यांशिवाय मला दुसरं काही दिसत नव्हतं. एरवी जिथं नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर भगव्या पडद्यापुढं तारेला नऊ झाडं टांगली होती. प्रत्येकाच्या पानांच्या टोकाला घट लोंबत होते. खरेखुरे घट! पोट होतं, काठ होता, वर झाकण होतं, आत पाणी होतं. कुंभारानं घडवलेले नव्हते, झाडालाच आलेले होते. एक सुरईसारखा उंच, एक हंडीसारखा ढेरपोट्या, एकाच्या अंगावर रक्ताचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके, एकाच्या काठाला कंगव्यासारखे दात. खोटं कशाला सांगू, झाडं देखणी होती. माझेही डोळे विस्फारले.

किंचाळणाऱ्या बाईच्या अंगठ्याला लाल दोरा बांधला होता. दोऱ्याचं दुसरं टोक ढेरपोट्या घटाच्या देठाला. आणि घटाच्या काठावर काळ्या मुंग्यांची रांग.

"मुंगी कुठं येते?" घटयोगी महाराज माइकमध्ये ओरडले.

"साखर असते तिथं!" मंडळी ओरडली.

"मग ही साखर कुणाची? ह्या माउलीच्या रक्तातली! दोऱ्यानं उतरली, घटात आली. आता आई गिळणार. हात जोडा. शिंकू नका, खोकू नका, मोबाईल खाली ठेवा!"

पडद्याच्या बुडातून पांढरं गार धुकं निघालं आणि झाडांवर पसरलं. म्हणे देवीचा श्वास. धुकं विरलं तेव्हा काठावर एक मुंगी शिल्लक नव्हती. सगळ्या घटात. बाया रडायला लागल्या, बाप्ये टाळ्या वाजवायला लागले. महाराज दाढीला मेंदी लावलेले, कपाळभर कुंकू फासलेले, पन्नाशीचे गृहस्थ. नवदुर्गेची ही नऊ रूपं हिमालयाच्या पोटात सात हजार वर्षं झोपली होती म्हणे. अमेरिकेवाले विमान भरून डॉलर घेऊन आले, पण महाराजांनी पानाचा तुकडासुद्धा दिला नाही म्हणे. मग त्यांनी लांब चमच्यानं घटातलं पाणी काढलं आणि तीर्थ म्हणून वाटलं. चमचा उचलला की पाण्याला शेंबडासारखी तार सुटायची. माणसं ती तार तळहातावर घेऊन भक्तिभावानं चाटत होती. मी हात पुढं केला नाही.

माझ्या नातीनं केला. तिच्या आईनं आधी तिच्या अंगठ्याला दोरा बांधून घेतला होता, आता तिचा हात धरून पुढं नेला.

मी पारूबाई. शहागंजात तीस वर्षं गूळ विकते. शिक्षण दुसरी, तेही पुरं नाही. माझ्या सासऱ्यानं दीक्षा घेतली त्या दिवशी घरातला देव्हारा उतरवला होता, आणि त्या जागी आजही बाबासाहेबांचा फोटो आहे. त्या घरची सून नवरात्राच्या पहिल्या माळेला घटापुढं हात जोडून उभी होती, आणि मी तिच्या मागं पिशवी धरून उभी होते. ही लाज मी लपवत नाही. लपवली असती तर हे नातीकडून लिहून घ्यायला बसलेच नसते.

आमची निशा अकरा वर्षांची. तिला साखरेचा आजार सातव्या वर्षी लागला. म्हाताऱ्या माणसांचा असतो तो नव्हे. हिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून दिवसातून चार वेळा सुई. आणि हा आजार ओळखला कुणी? डॉक्टरनं नव्हे, मी. पोर लघवीला जाऊन आली की न्हाणीत मुंग्या लागायच्या. गुळाच्या धंद्यात माझा जन्म गेलेला, मुंगी उगाच येत नाही हे मला ठाऊक. पोरीला उचललं, दवाखान्यात नेलं, तपासलं तर साखर पाचशेच्या वर. तेव्हापासून मी गल्लीत छाती फुगवून सांगायचे, "माणूस खोटं बोलंल, मुंगी बोलायची नाय!"

माझं हेच वाक्य चार वर्षांनी माझ्याच तोंडावर आदळलं.

शेजारच्या लीलाबाईनं तनुजाच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, कानात घटयोगी भरला होता. पोर मोठी होतेय, उद्या स्थळं येतील, सुया टोचणाऱ्या पोरीला कोण करणार, अशी तिची जपमाळ. दरबारातून निघाल्यावर रिक्षात मी म्हणाले, "सगळा फसवाफसवीचा बाजार हाय."

तनुजा म्हणाली, "आत्याबाई, निशाचा दोरा बांधल्यावर मुंग्या आल्या का नाय?"

"आल्या."

"तुम्हीच म्हणता ना, मुंगी खोटं बोलत नाय?"

हरले असं मला म्हणवत नाही. एवढंच म्हणाले, "नऊ दिवस सुई बंद असं तो म्हनला ना? खबरदार. सुई चुकली तर माझ्याशी गाठ हाय."

"नाय चुकणार," ती म्हणाली.

ती खोटं बोलली. मी विश्वास ठेवला. राजकुमार, माझा मुलगा, वाळूजला कंपनीत डबल ड्युटी करत होता, त्याला तर पत्ताच नव्हता.

तिसऱ्या माळेच्या सकाळी निशा उठेना. रात्रभर पाणी मागत होती म्हणे. दोनदा ओकली होती. तिचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालला होता, आणि तोंडाला सडक्या फळासारखा वास. मी फ्रिज उघडला. इन्सुलिनचं पेन होतं तिथंच, त्याला हात लागलेला नव्हता.

"दोन दिवस?" मी विचारलं.

तनुजा भिंतीला टेकली. "महाराज म्हनले होते, साखर निघताना उलट्या होतील. घाबरू नका म्हनले. घाबरलं की आई रागावती..."

मी पुढचं ऐकलं नाही. पोरीला खांद्यावर टाकून जिना उतरले. साठीला आलेले माझे गुडघे त्या दिवशी कुरकुरलेसुद्धा नाहीत.

दवाखान्यात डॉक्टर मोनिका होत्या. त्यांनी सलाईन लावलं, इन्सुलिन सुरू केलं, आणि मग बाहेर येऊन आम्हा दोघींना सरळ विचारलं, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर काय झालं असतं, माहीत आहे?"

माहीत होतं.

दोन दिवसांनी पोर उशीला टेकून बसली. मी सुटकेचा श्वास सोडणार एवढ्यात तनुजा बाकावरून हळूच म्हणाली, "सहाव्या माळेला दोरा बांधायला बोलावलंय. मधेच सोडलं तर उलटतं म्हणत्यात. मी एकटी जाऊन येते. पोरीच्या जागी आईचा दोरा चालतो."

मला संताप आला, आणि पाठोपाठ शिसारी. इथं पोर मरता मरता वाचली, आणि हिच्या डोक्यात तो मेंदीची दाढीवाला अजून बसलेला! पण मी ओरडून काय होणार होतं? चार शिव्या दिल्या असत्या तर ती माझ्या चोरून गेली असती. घरी आल्यावर कधीतरी पुन्हा सुई चुकवली असती. तिच्या डोक्यातली मुंगी काढायची तर मुंगीचंच उत्तर द्यायला हवं होतं.

ते उत्तर निशानं काढलं.

"आजी," ती म्हणाली, "तुझ्या दुकानात मुंगी गूळ चाटून परत जाते ना?"

"जाती. वाटेत भेटंल तिच्या तोंडाला तोंड लावती, निरोप देती. मग शंभर येत्यात."

"महाराजांकडं पण धुक्याआधी परत जात होत्या. मी बघितलं. पण दोऱ्यावरून नाही. पडद्याच्या मागं."

मी दचकले. मीही तेच बघितलं होतं. तीस वर्षं मुंग्यांशी भांडणारी बाई, बघितलं आणि गिळलं. दोऱ्यावर एक मुंगी नव्हती. पोरीच्या अंगठ्यावर नव्हती. साखर अंगठ्यातून निघत होती तर मुंगी आधी अंगठ्याला नको लागायला?

निशानं तनुजाच्या मोबाईलमधला दरबाराचा फोटो काढला. मोबाईलला फोटो दाखवला की तो झाडाचं नाव सांगतो म्हणे. त्यानं सांगितलं, घटपर्णी. मग पोर तासभर वाचत राहिली आणि मला समजावत राहिली, माझी मास्तरीणच झाली.

"आजी, हे झाड किडे खातं. झाकणाखाली नि काठावर गोड रस असतो. काठ कोरडा असला की मुंग्या येतात, चाटतात, घरी जाऊन सांगतात. काठ ओला झाला की असा गुळगुळीत होतो, की सगळ्या घसरून आत."

"म्हंजे त्याचं ते धुकं..."

"काठ ओला करायला! आणि आत पाणी नसतंच. पचवायचा रस असतो, आपल्या पोटात असतो तसा. त्यात किडे विरघळतात."

मग तिनं बोटं मोजली. तीन चमचे तिनं चाटले होते.

"थुकू का आता?" तिनं विचारलं, आणि चार दिवसांनी पहिल्यांदा हसली.

पुढचं तिनं मजेत वाचलं. ह्या झाडाच्या दीडशेच्या वर जाती आहेत. बहुतेक बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्स अशा बेटांवर.

"हे बोर्निओ कुठं आलं? वैजापूरच्या पुढं?"

"लई पुढं, आजी. समुद्रापार. आपल्या देशात एकच जात आहे, मेघालयात. हिमालयात सात हजार वर्षं वगैरे काही नाही."

काही जाती दलदलीत वाढतात, काही डोंगराच्या माथ्यावर ढगात. एक जात नुसता पालापाचोळा खाते. एकीच्या घटात वटवाघूळ दिवसा झोपतं, त्याची लेंडी पडते, झाडाचं पोट भरतं. आणि एकीच्या झाकणावरचा गोड रस चाटायला चिचुंद्रीसारखा प्राणी बसतो. चाटता चाटता खालच्या घटात घाण करतो. झाडाला तेच जेवण!

"म्हंजे संडासच की गं!"

"संडासच," निशा म्हणाली. "तिथल्या मातीत कस नसतो ना, म्हणून त्यांनी अशा युक्त्या काढल्यात."

मला झाडाबद्दल राग राहिला नाही. मातीत कस नाही म्हणून बिचारं मिळेल ते खातंय. पण तो घटयोगी? त्याला कशाची वाण होती?

सहाव्या माळेला राजकुमारला दवाखान्यात निशापाशी बसवलं आणि मी तनुजाला म्हणाले, "चल, मी पण येते. मला पण दोरा बांधायचाय."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू सूर्य सोयगावच्या डोंगरात उगवायचा सोडून दुकानाच्या गल्ल्यातून उगवला. मी तिला निशाचं साखर मोजायचं मशीन पर्समध्ये ठेवायला सांगितलं. माझ्या पिशवीत गूळ कापायची सुरी आणि एक पांढरी बशी होती.

दरबार पहिल्या दिवसापेक्षा दुप्पट भरला होता. लीलाबाई पुढच्या रांगेत. माझ्याकडं बघून विजयी हसली. "आल्या का शेवटी, पारूबाई? आईपुढं सगळ्यांनाच यावं लागतं."

माझा नंबर आला. स्टेजवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

"माउली, साखर कधीपासून?" महाराजांनी विचारलं.

"लई वर्षं झाली. पायाला मुंग्या येत्यात, डोळ्यापुढं अंधारी येती."

"तीनशेच्या वर आहे. चेहऱ्यावरच दिसतंय."

चेहऱ्यावर! मी पदर तोंडाला लावला, हसू दिसू नये म्हणून. महाराजांनी अंगठ्याला दोरा बांधला, डोळे मिटले, मंत्र सुरू केला आणि घंटा वाजवली. ते डोळे मिटून डुलत होते तेवढ्यात मी पदराखाली अंगठ्याची गाठ सोडली आणि दोरा खुर्चीच्या पायाला बांधला. गुळाची पोती तीस वर्षं बांधलेले हात, गाठ मारायला किती वेळ लागणार?

मुंग्या आल्या. मिजाशीत, रांगेनं, काठावर.

"आली! साखर आली!" महाराजांनी डोळे उघडले. "तीनशे वीस! लई मोठी साखर!"

"कुणाची, महाराज?"

"तुझीच, माउली."

मी उठले. चार पावलं चालत माइकपाशी गेले आणि दोन्ही हात वर केले. अंगठे मोकळे. दोरा खुर्चीला.

क्षणभर कुणाला कळेना. मग मागून कुणीतरी ओरडला, "अरे, खुर्चीला शुगर हाय!" दुसरा म्हणाला, "खुर्चीला इन्सुलिन द्या रे!" आणि अर्धं कार्यालय हसलं.

अर्धंच. कारण बाबा लोक पडत नाहीत, घसरून सावरतात. हात वर करून ते म्हणाले, "शांत! माउली खुर्चीवर बसली होती. तिची साखर खुर्चीत उतरली, खुर्चीतून घटात. हाच तर चमत्कार!"

आणि माना हलल्या! मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या. लीलाबाईची सगळ्यात जोरात.

"तनुजा," मी माइकमधून म्हणाले, "मशीन काढ. वर ये."

ती जागची हलेना. सगळे तिच्याकडं वळून बघत होते. मग ती उठली. स्टेजच्या पायऱ्या चढली आणि सराईत हातांनी मशीनला पट्टी लावली. चार वर्षांची सवय. माझ्या बोटाला टोचलं, थेंब पट्टीला लावला.

"किती?" मी विचारलं.

तिनं मशीन बघितलं. मग महाराजांकडं बघितलं. मग माइकपाशी तोंड नेऊन म्हणाली, "एकशे चार."

"मला साखर आज नाय, काल नव्हती, कधीच नव्हती," मी म्हणाले. "तीनशे वीस कुणाची आली मग? तुमच्या बापाची?"

आणि मी मुंग्यांची रांग धरली. दुकानात रोज करते तेच. मुंगी कुठं जाते बघायचं नसतं, कुठून येते ते बघायचं. रांग झाडाच्या देठावरून तारेला, तारेवरून एका बारीक काडीवर, काडीवरून पडद्याच्या भोकात. मी पडदा ओढला. मागं बन्सी बसला होता, महाराजांचा मेव्हणा. त्याच्या पुढ्यात मुंग्यांनी भरलेलं मडकं, हातात काडी, पायाशी धुकं सोडायचं मशीन. महाराजांनी घंटा वाजवली की हा मडक्यातून झाडापर्यंत काडीचा पूल टाकायचा. मुंग्यांना उपाशी ठेवलेलं, त्या गोड वासावर धावायच्या. महाराज "आई गिळणार" म्हणाले की हा मशीन दाबायचा. काठ ओला, मुंग्या आत. दोऱ्याचा संबंध एवढाच, की तो लाल होता.

"मला काय ठाऊक नाय," बन्सी म्हणाला. "मला दाजींनी सांगितलं ते मी करतो."

मी परत पुढं आले. पिशवीतून सुरी काढली. दोन बाया किंचाळल्या, त्यांना वाटलं महाराजांचा मुडदा पाडते. मी ढेरपोट्या घट देठापासून कापला, उभा चिरला आणि पांढऱ्या बशीत ओतला.

वास आधी आला. मेलेल्या उंदराचा असतो तसा. मग दिसलं. काळा चिखल. मुंग्यांची डोकी, डासांचे पंख, माश्यांचे पाय, झुरळाचं अर्धं टरफल. आणि एक पाल, शेपटाकडून शाबूत, तोंडाकडून नुसता लगदा. सगळ्यावर ती शेंबडाची तार.

बशी घेऊन मी पहिल्या रांगेपुढून हळूहळू चालले. ज्यांनी ज्यांनी चमच्यानं चाटलं होतं ते बशीत बघत होते आणि मनातल्या मनात चमचे मोजत होते. लीलाबाईपुढं आले.

"नऊही घटांचं घेतलंत ना, लीलाबाई? आईचा परसाद. अजून देऊ?"

ती पर्समध्ये ओकली. स्वतःच्या पर्समध्ये. मग रांगच लागली, काय सांगू! मंगल कार्यालयाच्या त्या चकचकीत फरशीवर सहा दिवसांचं तीर्थ परत आलं.

कुणीतरी फोन केला होता, पोलीस आले तेव्हा महाराज मागच्या दारानं निघायच्या बेतात होते. आपल्याकडं जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, हे मला नव्हतं माहीत, पोलिसांनी सांगितलं. तक्रारीवर पहिली सही तनुजाची. माझा नुसता अंगठा चालला असता, पण मी नाव लिहिलं. अक्षरं वाकडी आली, येऊ द्यात.

झाडं कॉलेजच्या बागेत गेली. मीच आग्रह धरला. झाडानं कुणाला फसवलं नाही, मुंगीला फसवून पोट भरलं, तेवढा त्याचा धर्म. ती नर्सरीतून विकत आणलेली होती, कुंडीच्या बुडाला चिकटलेली चिठ्ठी निशानं वाचली. कॉलेजच्या बाई म्हणाल्या, आपल्याकडची हवा कोरडी, जपावं लागेल. निशा दर रविवारी बघायला जाते.

निशाला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी तनुजानं न सांगता पेन काढलं, निशाच्या पोटाला चिमटीत धरून सुई दिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आत्याबाई, मुंगी खोटं बोलली नाय ना?"

"नाय बोलली," मी म्हणाले. "मुंगी म्हनली, हितं गोड हाय. खरंच होतं. ते गोड कुणाचं, ते तिनं कधीच सांगितलं नव्हतं. ते तो मेंदीवाला बोलला, आणि आपण मुंगीच्या नावावर खपवून घेतलं."

वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. मी काही शिकलेली नाही. औषध काय, आजार काय, हे डॉक्टरला विचारा, बंद करायचं तरी डॉक्टरलाच विचारा. पोराच्या अंगावर कुणाचे प्रयोग करू देऊ नका. आणि कुणी डोळ्यांदेखत चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी ते हात जरा कामाला लावा. तुमच्या अंगठ्याला कुणी दोरा बांधला, तर तो सोडा आणि आधी खुर्चीला बांधून बघा.